माया किती ठेवलीस?

टूटू, म्हणजे बॅले नर्तकीचा जाळीच्या घेराचा पोशाख, उलटा टांगतात. चड्डी वर, चोळी खाली आणि जाळीचा सगळा घेर चोळीवर घंटेसारखा उतरलेला. सुलटा टांगला तर जाळी दिवसेंदिवस लोंबत जाते आणि मग रंगमंचावर ती ताटासारखी आडवी उभी राहत नाही. हे मला दक्षिण लंडनमधल्या एका शिवणवर्गात पहिल्या शनिवारी कळलं. बॅलेचे पोशाख शिवायला शिकवणारा छोटासा वर्ग. आम्ही सहाजणी, सहा मशिनं आणि सत्तरी ओलांडलेल्या बाई. बाईंचं सगळं आयुष्य बॅलेच्या कपडेपटात गेलेलं. जवळच्या एका नृत्यशाळेतल्या मुलींची मापं त्यांनी आणली होती. माझ्या वाट्याला आलं ते एका चौदा वर्षांच्या मुलीचं माप.

संध्याकाळी घरी येऊन सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सोबत आणलेला जाळीचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. आई चष्मा सारखा करत म्हणाली, "अगं, हे तर कॅनकॅन!"

आईनं पस्तीस वर्षं घरात शिवणक्लास चालवला. लेहेंग्याखाली, लहान मुलींच्या वाढदिवसाच्या फ्रॉकखाली लावायच्या कडक जाळीला तिच्या क्लासमधल्या मुली, मारुती रोडवरचे दुकानदार, सगळे कॅनकॅनच म्हणायचे. ‘कॅनकॅन लावा, घेर छान बसेल.’ हा शब्द पॅरिसच्या नाचघरांतला. १८३०च्या दशकात तिथे कॅनकॅन नावाचा नाच रुजला, पाय उंच उडवून आणि परकरांच्या झालरी फडकावत करायचा. त्या नाचाचं नाव इतकं लांब येऊन सांगलीतल्या जाळीच्या तागाला चिकटलं, याचं आईला फार अप्रूप वाटलं. मला मात्र त्या क्षणी वेगळंच वाटलं. दिवसभर ज्या कपड्याकडे मी परका म्हणून बघत होते, तो आईनं एका शब्दात घरचा करून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक जुनी चोळी आणली आणि टेबलावर उलटी करून ठेवली. बाहेरून फिकट गुलाबी सॅटिन, आतून जाड सुती कापडाचं अस्तर, शिवणींवर शिवलेल्या लवचीक पट्ट्या, पाठीला हुक अडकवायच्या आयच्या (छोट्या कड्यांच्या) दोन ओळी. एक ओळ सडपातळ मुलीसाठी, दुसरी तिच्याहून थोड्या भरलेल्या मुलीसाठी. आतल्या बाजूला एक पांढरी फीत, तिच्यावर शाईनं लिहिलेली चार नावं. पहिल्या तीन नावांवर रेघ मारलेली. आणि प्रत्येक शिवणीला दोन्ही बाजूंनी भरपूर कापड सोडलेलं. बाई त्याला जे म्हणाल्या त्याचा अर्थ शिवणीची जागा, एवढाच. आपल्याकडे शिवणकामात त्याला माया म्हणतात. कापड कापताना मापाच्या बाहेर ठेवायची ती माया, पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. चार मुलींनी ती चोळी घालून घाम गाळला होता आणि प्रत्येकीसाठी ती उसवून पुन्हा शिवली गेली होती.

त्या चोळीपासून मी मागे मागे वाचत गेले आणि एका रात्रीपाशी येऊन थांबले. २० फेब्रुवारी १९४६.

युद्धाच्या काळात लंडनमधलं कॉव्हेंट गार्डनचं ऑपेरा हाउस सार्वजनिक नाचघर झालं होतं. सुट्टीवर आलेले सैनिक तिथे संध्याकाळ काढायचे. त्या रात्री ते पुन्हा उघडलं. सॅडलर्स वेल्स बॅले ही कंपनी, हीच पुढे रॉयल बॅले झाली. तिच्या संस्थापक निनेट द व्हाल्वा यांनी पहिल्या रात्रीसाठी निवडला ‘स्लीपिंग ब्यूटी’. शंभर वर्षं झोपलेला राजवाडा जागा होतो, ही गोष्ट. सहा वर्षं अंधारात काढलेल्या शहराला याहून वेगळी कुठली गोष्ट दाखवणार? राजा, राणी आणि दोन्ही राजकन्या प्रेक्षागृहात होत्या. राजकन्या ऑरोराच्या भूमिकेत सव्वीस वर्षांची मार्गो फॉन्टेन. नेपथ्य आणि पोशाख ऑलिव्हर मेसेल यांचे.

आता त्या पोशाखांमागचा हिशेब पाहा. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १ जून १९४१ला सुरू झालं. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपनं, पुढे ती कमी कमी होत गेली. लोकरी ड्रेसला ११ कूपनं लागायची. पैसे असले तरी कूपन नसेल तर कापड नाही. शिवाय सरकारनं नियमच केले होते की कपड्याला चुण्या किती, खिसे किती, बटणं किती. हे रेशनिंग १५ मार्च १९४९ला उठलं. म्हणजे ‘स्लीपिंग ब्यूटी’चे ते अठराव्या शतकातल्या दरबाराचे झगे, पिसांच्या टोप्या, परींचे टूटू, हे सगळं ज्या देशात उभं राहिलं तिथे बायका जुन्या कोटांचे स्कर्ट करत होत्या आणि पॅराशूटच्या कापडातून लग्नाचे झगे शिवत होत्या. मेसेल यांची ख्यातीच अशी की पाइप साफ करायच्या तारा आणि चमकदार कागद यांतून ते मुकुट घडवायचे, आणि दहाव्या रांगेतून तो मुकुट सोन्याचा वाटायचा. कूपनं जमवून, हाताला लागेल ते कापड रंगवून तो दरबार सजला.

त्या रात्रीची छायाचित्रं मी पुष्कळ वेळ बघत बसते. रंगमंचावर एवढा घेर आणि प्रेक्षागृहात डांबरगोळ्यांतून काढलेले युद्धाआधीचे पोशाख. माझी खात्री आहे की त्या रात्री तिथल्या बायकांनी फॉन्टेनचे पाय जेवढे पाहिले तेवढंच तिच्या अंगावरचं कापड पाहिलं असेल. सहा वर्षं मोजून मापून कापड वापरलेल्या बाईला समोर वाया जाऊ शकेल इतकं कापड दिसणं, ही भूक आपण आज कल्पनेनंच समजू शकतो.

पॅरिसमध्ये हीच भूक वेगळ्या वाटेनं बाहेर आली, आणि तिथे तर बॅले आणि फॅशन यांच्या मधे भिंतच उरली नव्हती. मार्च १९४५, युद्ध अजून संपलेलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला एकवीस वर्षांच्या रोलाँ पेतीनं ‘ले फोराँ’ हा बॅले सादर केला. फिरत्या सर्कसवाल्यांची गोष्ट. गावात येतात, पाल ठोकतात, खेळ करतात, टोपी फिरवतात, कुणी काही टाकत नाही, आणि ते आपलं सामान बांधून पुढच्या गावाला निघतात. पोशाख आणि नेपथ्य क्रिस्तियाँ बेरार यांचं, संगीत आँरी सोगे यांचं. महिनाअखेरीला लूव्हर राजवाड्याच्या एका दालनात ‘थिएटर दे ला मोड’ हे प्रदर्शन उघडलं. पॅरिसच्या शिवणघराण्यांकडे पूर्ण मापाचे कपडे करण्याएवढं कापड नव्हतं, म्हणून त्यांनी तारेच्या बाहुल्या केल्या, सुमारे ७० सेंटीमीटर उंचीच्या, आणि त्यांना नव्या हंगामाचे कपडे घातले. बाहुल्यांचं रूप एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीनं ठरवलं. कलादिग्दर्शन पुन्हा बेरार यांचंच, प्रकाशयोजना बोरिस कोख्नो यांची. हे कोख्नो म्हणजे रशियन बॅलेचे प्रसिद्ध संयोजक दियागिलेव यांचे जुने सहकारी.

मला या प्रदर्शनाबद्दल वाचताना गळ्याशी काहीतरी दाटून येतं. त्या बाहुल्यांच्या कपड्यांची बटणं खरोखर लागणारी होती. काजं हातानं केलेली. वितीएवढ्या कोटाला आतून अस्तर होतं. ज्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी ते केलं त्यांच्या घरात त्या हिवाळ्यात कोळसा नव्हता. प्रदर्शनाचा पैसा युद्धपीडितांच्या मदतीला गेला. आणि बेरार यांनी स्वतःसाठी निवडलेला देखावा कुठला? एक नाट्यगृह. संध्याकाळचे पोशाख घातलेल्या तारेच्या बाया रंगमंचावर आणि बॉक्समध्ये. पुढे या बाहुल्या अमेरिकेत गेल्या, कपडे बदलून तिथल्या शहरांत फिरल्या, आणि आज वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत.

बेरार आणि सोगे, दोघांचा एक जुना मित्र त्या वेळी लुसियाँ लेलाँग यांच्या शिवणघरात नोकरी करत होता. क्रिस्तियाँ डिओर. नाटकात आणि संगीतात रमणारा, एके काळी चित्रांचं दालन चालवलेला माणूस. कापड-गिरणीमालक मार्सेल बुसाक यांनी भांडवल दिलं आणि १२ फेब्रुवारी १९४७ला ३०, अव्हेन्यू मोंतेन या पत्त्यावर डिओर यांनी आपले पहिले कपडे दाखवले. त्यांतल्या एका कपडेमालिकेचं नाव ‘कोरोल’, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांचा घेर. उतरते खांदे, मुठीत मावेल अशी कंबर आणि पोटऱ्यांपर्यंत येणारा भरघोस स्कर्ट. अमेरिकन संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

तो आकार मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मला लगेच बॅले दिसला. ‘ला सिल्फीद’ या १८३२च्या बॅलेत मारी ताल्योनी यांनी घातलेला पोटरीपर्यंतचा पांढरा घेर, घट्ट चोळी, उघडे खांदे. रोमँटिक टूटूची सुरुवात तिथली. तोच आकार ११५ वर्षांनी रेशनच्या रांगेतल्या बाईसमोर फॅशन म्हणून आला. त्याच १९४७ साली डिओर यांनी पेतीच्या ‘त्रेझ दाँस’ या बॅलेचे पोशाखही केले. एकाच हातातून त्या वर्षी रस्त्यावरचा घेरही उतरला आणि रंगमंचावरचाही.

रंगमंचावरून घराघरात पोशाख उतरणं आपल्याला काही नवं नाही. बालगंधर्व ज्या पद्धतीनं शालू नेसायचे, पदर घ्यायचे, केसांत गजरा माळायचे, ते बायका नाटकाहून परतल्यावर आरशासमोर करून बघायच्या. पण पॅरिसच्या घेरावर लोक चिडलेही. माँमार्त्रमधल्या रू लेपिक या बाजाराच्या रस्त्यावर डिओरचे कपडे घालून छायाचित्रं काढायला गेलेल्या मुलींच्या अंगावरचे कपडे तिथल्या बायकांनी ओढून फाडले. लंडनमध्ये मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी लांब स्कर्टना जाहीर विरोध केला. आपल्याकडे ‘क्रिप्स मिशन’ म्हणून धड्यात येतात तेच क्रिप्स. मी त्या बाजारातल्या बायकांना चूक म्हणू शकत नाही. मुलाच्या शर्टाला कापड मिळत नसताना एका स्कर्टात दहा-दहा वार कापड डोळ्यांसमोरून जाताना बघणं सोपं नसतं. आणि तरी, त्याच बायकांच्या बहिणींनी पुढच्या दोन वर्षांत पडद्यांच्या कापडाचे का होईना पण तसेच स्कर्ट शिवले, हेही मला तितकंच कळतं.

मार्गो फॉन्टेन १९४८च्या वसंतात पॅरिसला गेल्या, पेतीच्या ‘ले दम्वाझेल द ला न्वी’ या बॅलेत मांजरीची भूमिका करायला. तिथे त्या डिओरच्या गिऱ्हाईक झाल्या आणि पुढे वर्षानुवर्षं राहिल्या. १९५५मध्ये पॅरिसलाच लग्न केलं तेव्हाचा पोशाखही डिओरचा. म्हणजे संध्याकाळी टूटू, आणि प्रयोगानंतरच्या मेजवानीला त्याच आकाराचा डिओर. एकाच बाईच्या अंगावर दोन घेर. वर्गात बसून शिवायला लागले तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच प्रश्न घोळत होता की आतून हे दोन घेर सारखे होते का.

सारखे नव्हते. डिओरच्या ‘बार’ नावाच्या जाकिटाच्या नितंबांवर आतून भरण घातलेलं असायचं. संध्याकाळच्या झग्यांच्या पोटात पट्ट्या घातलेली वेगळी चोळी, कडक कापड, जाळीचे थर. तो झगा बाईशिवायही जवळजवळ उभा राहू शकेल. बाईनं आत शिरायचं आणि झग्याच्या आकारात राहायचं. नर्तकीची चोळी बाहेरून तेवढीच घट्ट दिसते, पण तिचं सगळं कापणं उलट्या विचारानं केलेलं. बाह्या चोळीला जोडतच नाहीत, इलॅस्टिकच्या स्वतंत्र पट्ट्या दंडात चढवतात, म्हणजे हात डोक्यावर गेला तरी चोळी वर ओढली जात नाही. चोळी आणि घेर जागोजागी सैल टाक्यांनी जोडतात, म्हणजे कंबर वळली तरी घेर जागेवर राहतो.

आणि उरेब. हे मला बार्बारा कारिन्स्का यांच्यामुळे कळलं. खारकीव्हमध्ये १८८६ला जन्मलेल्या, क्रांतीनंतर देश सोडून पॅरिसला आलेल्या या बाईंनी १९३२मध्ये बेरार यांच्या रेखाटनांवरून ‘कोतियाँ’ या बॅलेचे पोशाख शिवले. वेगवेगळ्या रंगांच्या तलम जाळीचे थर एकावर एक ठेवून त्यांनी असा रंग काढला जो कुठल्याच एका थरात नव्हता. पॅरिस, लंडन आणि शेवटी न्यूयॉर्क. त्यांची चोळी ओळखू यायची ती बगलेखालच्या पट्टीवरून. ती पट्टी त्या उरेब कापायच्या. उभ्या-आडव्या धाग्याला तिरपं कापलेलं कापड ताणलं जातं. नर्तकीनं खोल श्वास घेतला की चोळी तिच्याबरोबर फुगते आणि श्वास सोडला की परत बसते. गळपट्टीला आणि मुंढ्याला उरेब पट्टी लावणाऱ्या कुणाही बाईला हे ठाऊक असतं. कारिन्स्कांनी ते श्वासासाठी वापरलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना त्या काळातल्या कुठल्याही मोठ्या शिवणघराण्याच्या वर ठेवीन.

१९५०मध्ये न्यूयॉर्कला ‘सिंफनी इन सी’ या बॅलेसाठी त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. तोवर टूटूचा घेर आडवा राहावा म्हणून जाळीच्या थरांत तारेचं कडं घालायचे. रंगमंचावर एकाच वेळी पुष्कळ नर्तकी आल्या की ही कडी एकमेकींवर आपटायची आणि एका बाजूनं दबली की दुसऱ्या बाजूनं उसळायची. कारिन्स्कांनी कडं काढून टाकलं. थर कमी केले, प्रत्येक थर खालच्याहून थोडा मोठा ठेवला आणि सगळे सैल टाक्यांनी बांधले. पावडर लावायच्या मऊ पफसारखा तो घेर. आज जगभरच्या कंपन्यांत हा टूटू दिसतो. नायलॉनची जाळीही याच सुमारास आली. आधीची सुती जाळी खळ घालून कडक केलेली असायची, घामानं आणि दमट हवेनं ती मऊ पडायची. नायलॉननं तो प्रश्न मिटवला. माझ्या बोटांना मात्र तिनं बारीक ओरखडे दिले, दोन शनिवार-रविवार.

थर बांधायचं काम सगळ्यात सावकाश. टूटू उलटा करून मांडीवर घ्यायचा, सुई सगळ्या थरांतून खाली न्यायची, वर आणायची आणि दोरा अजिबात ओढायचा नाही. ओढला की घेर आक्रसतो. बाई मागून येऊन माझा दोरा बोटानं सैल करायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. आमच्या सांगलीच्या ओसरीत आई क्लासमधल्या मुलींचा धावदोरा असाच बोटानं सैल करायची. ती म्हणायची, दोऱ्याला श्वास घेऊ दे.

फॅशननं बॅलेकडून आधी घेर घेतला. मोकळीक घ्यायला तिला आणखी काही वर्षं लागली, आणि ती आली पायांवाटे. रोलाँ पेतीची आई रोझ रेपेतो यांनी १९४७मध्ये, म्हणजे न्यू लुकच्याच वर्षी, मुलाचे पाय दुखतात म्हणून पॅरिसच्या ऑपेराजवळच्या छोट्या कारखान्यात बॅलेचे बूट करायला सुरुवात केली. पद्धत उशीच्या अभ्र्यासारखी. तळवा आणि वरचा भाग उलट्या बाजूनं शिवायचा आणि मग सगळा बूट सुलटा करायचा. शिवण आत जाते, पायाला टोचत नाही. १९५६मध्ये अभिनेत्री ब्रिजित बार्दो यांनी त्यांच्याकडून रस्त्यावर घालता येईल असा जोड करून घेतला. बार्दो लहानपणापासून बॅले शिकलेल्या. त्या बुटाचं नाव ‘साँद्रियाँ’, म्हणजे सिंड्रेला. दोन वर्षं आधी फ्लॉरेन्सला साल्वातोरे फेरागामो यांनी अभिनेत्री ऑड्री हेपबर्नसाठी तसाच सपाट बूट केला होता, आणि हेपबर्नही मुळात बॅलेचीच विद्यार्थिनी. (याच फेरागामोंनी बडोद्याच्या गायकवाडांची लेक, कूचबिहारच्या महाराणी इंदिराराजे यांच्यासाठी हिरे-मोती जडवलेले बूट केले होते.) नाचणाऱ्या मुलींनीच आपला बूट रस्त्यावर आणला. उंच टाचेवर तोल सांभाळत चालणारी बाई त्या बुटात भराभर चालू लागली, बस पकडू लागली. आज दादरच्या पदपथावर ‘बेली’ म्हणून मिळणारा सपाट बूट त्याच घराण्यातला.

मी शिवलेला टूटू शेवटच्या रविवारी पुरा झाला. बारा थर, दहा मीटरच्या वर जाळी, चोळी आकाशी रंगाची. ती चौदा वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. तिनं घालून पाहिला, दोन्ही हात वर नेले, कंबरेतून एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे. आरशाकडे तिनं पाहिलंच नाही. बाईंनी मला पांढरी फीत आणि शाईचं पेन दिलं. मी तिचं नाव फितीच्या अगदी वरच्या टोकाला, लहान अक्षरात लिहिलं आणि फीत आतून शिवली. खाली तीन नावांची जागा मोकळी राहिली.

रात्री आईला फोटो पाठवला. तिनं तो मोठा करून पाहिला असावा, कारण फोन यायला वेळ लागला.

"घेर छान बसलाय," ती म्हणाली. "शिवणीत माया किती ठेवलीस?"

"दीड इंच."

"दोन ठेवायची होतीस गं. चौदा वर्षांची आहे ना? भराभर वाढते पोर त्या वयात."